मिलिटरीतल्या हॉस्पिटल अ‍ॅडमिनमधून फिजिशियन असिस्टंट व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आठ वर्षं यूएस आर्मीत ६८जी होते, म्हणजे पेशंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन स्पेशालिस्ट. आज मी पीए आहे आणि माझे निम्मे पेशंट जुने सैनिक आहेत. मंडळाच्या गणपतीत, व्हॉट्सअ‍ॅपवर, फोनवर आपली मराठी मुलंमुली सारखे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवते. हे सगळं अमेरिकेतलं आहे, भारतातल्या लोकांसाठी शेवटाकडे वेगळा प्रश्न घेतलाय.

पीए म्हणजे नक्की काय? साहेबांचा पीए असतो तसं का?

नाही, आणि हे आधीच क्लिअर केलेलं बरं, कारण कोल्हापूरला माझ्या काकांना दोन वर्षं असंच वाटत होतं की मी कुठल्यातरी डॉक्टरची पर्सनल असिस्टंट झालेय, फोन घेते आणि अपॉइंटमेंट लिहिते. फिजिशियन असिस्टंट पेशंट तपासतो, निदान करतो, टेस्ट सांगतो, औषधं लिहून देतो, जखमेला टाके घालतो, ऑपरेशनमध्ये सर्जनला मदत करतो. डॉक्टरांच्या टीममध्ये राहून काम करायचं असतं, कितपत स्वतंत्रपणे ते प्रत्येक राज्याच्या कायद्यावर असतं.

आणि हा पेशा मुळात मिलिटरीतूनच आलाय हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. व्हिएतनामच्या काळात डॉक्टर कमी पडत होते आणि दुसरीकडे नेव्हीचे कोअरमन, म्हणजे जखमींवर स्वतः उपचार करणारे सैनिक, नोकरी सोडून घरी येत होते, पण त्यांच्या त्या अनुभवाला बाहेर काही किंमत नव्हती. ड्यूक युनिव्हर्सिटीत डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ साली पहिला वर्ग सुरू केला तो अशाच चार माजी कोअरमनना घेऊन, त्यातले तिघे ६ ऑक्टोबर १९६७ ला पास झाले. म्हणून तर पीए वीक दरवर्षी ६ ऑक्टोबरपासून असतो.

मिलिटरी अ‍ॅडमिनमध्ये कोण कोण येतं?

माझ्यासारखे ६८जी, एअर फोर्समधले हेल्थ सर्व्हिसेस मॅनेजमेंटवाले, आणि ऑफिसर असाल तर मेडिकल सर्व्हिस कोअरचे लोक. अ‍ॅडमिशन-डिस्चार्ज, रेकॉर्ड, ट्रायकेअर या मिलिटरीच्या आरोग्य विम्याचे रेफरल, मेडिकल बोर्डाची (सैनिक नोकरीत राहायला फिट आहे का ते ठरवणाऱ्या) फाइल, बजेट, स्टाफिंग असली सगळी कामं. हॉस्पिटल चालतं ते आपल्यामुळे, पण पेशंटच्या अंगाला आपला हात लागत नाही, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

माझी अ‍ॅडमिनची इतकी वर्षं पेशंट केअरमध्ये धरतात का?

नाही धरत. हे उत्तर ऐकून लोकांचा चेहरा पडतो, माझाही पडला होता, पण तुम्हाला ते आज कळलेलं बरं.

बहुतेक पीए कॉलेजचे अर्ज कास्पा नावाच्या एका सेंट्रल सिस्टिममधून जातात. त्यात अनुभवाचे वेगवेगळे कप्पे असतात. पेशंट केअर एक्स्पिरियन्स म्हणजे तुम्ही स्वतः पेशंटची जबाबदारी घेऊन काहीतरी केलं, व्हायटल्स घेतले, रक्त काढलं, ड्रेसिंग केलं, उचलून बेडवर ठेवलं. हेल्थकेअर एक्स्पिरियन्स म्हणजे तुम्ही हॉस्पिटलमध्ये काम केलं पण थेट उपचारात नव्हता. आपलं अ‍ॅडमिन या दुसऱ्या कप्प्यात जातं. शॅडोइंग, म्हणजे पीएच्या मागे उभं राहून त्याचं काम बघणं, हा अजून वेगळा कप्पा.

मी पहिल्या वर्षी अर्ज भरला तेव्हा आठ वर्षांचे सगळे तास पहिल्या कप्प्यात टाकले, हजारो तास झाले, मला वाटलं आता कोण नाही म्हणणार. नऊ ठिकाणी अर्ज केला, नऊही ठिकाणांहून नकार आला. एका कॉलेजच्या अ‍ॅडमिशनवाल्या बाईंनी फोनवर शांतपणे सांगितलं की तुमची फाइल चांगली आहे पण तुम्ही आजवर एकाही पेशंटचं बीपी घेतल्याचं यात कुठे दिसत नाही. खरंच घेतलं नव्हतं. त्या चुकीत माझं अख्खं वर्ष गेलं आणि अर्जाची फी गेली ती वेगळी, म्हणून हा प्रश्न मी इतका लांबवतेय.

कॉलेजची किमान अट वेगवेगळी असते, कुठे ५०० तास, कुठे १०००, कुठे २०००, काही ठिकाणी लेखी अट नसते पण घेतलेल्या मुलांचे तास बघितले की अंदाज येतो. आपल्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजची वेबसाइट स्वतः वाचा, दुसऱ्याच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

मग ते तास मिळवायचे कुठून?

मी ईएमटी केलं, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सवर तातडीचे उपचार करण्याचं ट्रेनिंग. एका सेमिस्टरचा कोर्स, मग नॅशनल रजिस्ट्रीची परीक्षा, मग अ‍ॅम्ब्युलन्सवर नोकरी. ज्यांना लवकर सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी सीएनए (नर्सच्या हाताखालचा सहाय्यक) बरं, फेडरल नियमाने किमान ७५ तासांचं ट्रेनिंग लागतं, काही राज्यांत जास्त. मेडिकल असिस्टंट, फ्लेबॉटमी (रक्त काढणं) हेही चालतं. स्क्राइबचं, म्हणजे डॉक्टरांच्या नोट लिहिण्याचं, काम काही कॉलेजं धरतात, काही नाही, विचारून घ्या. आणि हिशोब सोपा आहे, आठवड्याला ४० तास धरले तर ५० आठवड्यांत २००० होतात, म्हणजे फुल टाइम एक वर्ष.

पगार कमी असतो. मी सार्जंट म्हणून जे घेत होते त्याच्या निम्म्यावर आले, घरी बोलणं झालं, नवरा म्हणाला एक वर्ष काढू. पण ते वर्ष नसतं तर मी पीए झालेच नसते, नुसत्या अ‍ॅडमिशनच्या अर्थाने नाही म्हणत. पहिल्याच आठवड्यात चालत्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये एका आजींचं बीपी घ्यायचं होतं, कफ बांधला, स्टेथोस्कोप लावला आणि कानात नुसता रस्ता ऐकू येतोय, इंजिनचा घरघर आवाज, बाकी काहीच नाही. माझा पार्टनर म्हणाला टाचा उचल, फरशीवरून पाय सोड, फरशीची थरथर तुझ्या अंगातून वर येतेय, आणि त्यांचा हात तुझ्या मांडीवर घे. टाचा उचलल्या आणि बारीक ठोके ऐकू यायला लागले. तरी खात्री नव्हती म्हणून परत मनगटाची नाडी धरून कफ फुगवला, नाडी कुठे जाते आणि कुठे परत येते ते बोटांनी बघितलं. आजी माझ्याकडे बघत होत्या आणि दुसऱ्या हाताने त्यांनी माझी बाही घट्ट धरून ठेवली होती. आठ वर्षं मी असे आकडे स्क्रीनवर बघत होते, तो आकडा येतो कुठून हे त्या दिवशी कळलं.

अजून नोकरीत असाल तर थांबू नका, वीकेंडला ईएमटी करता येतं. बाहेर पडायच्या आधीच्या शेवटच्या १८० दिवसांत कमांडरने परवानगी दिली तर स्किलब्रिज या मिलिटरीच्या योजनेतून बाहेर ट्रेनिंग घेता येतं, पगार मिलिटरीचाच चालू राहतो. क्लिनिकल जागा मिळते का बघा, अ‍ॅडमिनच्या लोकांना बहुतेक वेळा परत ऑफिसचीच जागा दाखवतात, ती घेऊ नका.

सायन्सचे विषय कुठले लागतात? माझी डिग्री मॅनेजमेंटची आहे.

डिग्री कुठलीही चालते. पण अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी हे जवळपास सगळीकडे मागतात, बायोकेमिस्ट्री किंवा ऑरगॅनिक काही ठिकाणी. ऑनलाइन लॅब बरीच कॉलेजं घेत नाहीत आणि फार जुने विषयही चालत नाहीत, दहा वर्षांपूर्वी केलेली अ‍ॅनाटॉमी परत करावी लागेल असं धरून चाला. कम्युनिटी कॉलेजमध्ये केलेलं सहसा चालतं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. एखादा विषय परत करून चांगला ग्रेड आणला तरी कास्पा जुना ग्रेड काढून टाकत नाही, दोन्ही धरून सरासरी काढते. म्हणून अठराव्या वर्षी कॉलेजात लक्ष नसताना पडलेला डी आजही तिथेच असतो. त्यावर उपाय एकच, नवे सायन्सचे विषय घेऊन भरपूर ए जमवणं, कमिटी शेवटच्या काही वर्षांचा आलेख बघते.

मी ऑफिसर आहे, एमएचए (हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं मास्टर्स) केलंय, त्याचा फायदा होतो का?

थोडा. अभ्यासाची सवय दिसते. पण मास्टर्सचे मार्क सायन्सच्या जीपीएची जागा घेत नाहीत, आणि इंटरव्ह्यूत हमखास विचारतात की चांगलं करिअर असताना खाली का येताय. या प्रश्नातला 'खाली' हा शब्द मनातून काढून टाका, तसं वाटत असेल तर हे करूच नका.

आर्मी न सोडता पीए होता येतं का?

हो, आणि पात्र असाल तर माझ्या मते हाच सगळ्यात चांगला रस्ता आहे. इंटरसर्व्हिस पीए प्रोग्राम म्हणजे आयपॅप, सॅन अँटोनिओला फोर्ट सॅम ह्यूस्टनवर. साधारण २९ महिने, पहिले १६ महिने वर्गात, बाकीचे मिलिटरी हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल. फी नाही, पगार आणि भत्ते चालू, आणि पास झाल्यावर तुम्ही पीए म्हणून ऑफिसर. एनलिस्टेडला, म्हणजे ऑफिसर नसलेल्या सैनिकांना, चालतं, आधीच ऑफिसर असलेल्यांनाही अर्ज करता येतो. त्या बदल्यात पुढे काही वर्षं सर्व्हिस द्यावी लागते, किती ते सही करायच्या आधी कागदावर बघा. किमान ६० सेमिस्टर अवर्सचं कॉलेज लागतं. आणि ग्रीन कार्डवर भरती झालेल्यांसाठी, ऑफिसर व्हायला सिटिझनशिप लागते, म्हणून सर्व्हिसमधून नागरिकत्वाचा अर्ज अजून केला नसेल तर तो आधी.

मी का नाही गेले? माझे सायन्सचे विषय तेव्हा झालेले नव्हते आणि दुसरं मूल लहान होतं. आज परत संधी मिळाली तर मी आधी विषय पूर्ण करून आयपॅपलाच अर्ज करेन.

पैशांचं काय?

हा प्रश्न आधी विचारायला हवा तो लोक शेवटी विचारतात. पोस्ट नाइन-इलेव्हन जीआय बिल म्हणजे सर्व्हिसच्या बदल्यात सरकार देतं तो शिक्षणाचा खर्च, त्याचे तुम्हाला ३६ महिने मिळतात, पूर्ण १०० टक्के मिळायला ३६ महिन्यांची अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस लागते. पीए कॉलेज सरासरी २७ महिन्यांचं असतं. म्हणजे ३६ मधून २७ गेले तर फक्त ९ उरतात, आणि बहुतेक जण अ‍ॅनाटॉमी, केमिस्ट्री करायला जीआय बिल वापरून टाकतात आणि मग महागड्या पीए कॉलेजच्या शेवटच्या दोन सेमिस्टरला खिसा रिकामा.

तसं करू नका. नोकरीत असतानाच मिलिटरी जी फी भरते ती ट्यूशन असिस्टन्स वापरून सायन्सचे विषय संपवा, सेमिस्टर अवरला २५० डॉलर आणि वर्षाला ४५०० डॉलरपर्यंत मिळतात आणि तेवढ्यात कम्युनिटी कॉलेजचे चार विषय सहज बसतात. त्याने जीआय बिलाचा एक दिवसही खर्च होत नाही. जीआय बिल पीए कॉलेजसाठी झाकून ठेवा.

सरकारी कॉलेजला राज्याच्या रहिवाशाची पूर्ण फी मिळते, खाजगीला वर्षाची मर्यादा आहे, वरच्या रकमेसाठी कॉलेज यलो रिबन या वरची फी भरून काढणाऱ्या योजनेत आहे का बघा आणि पीए प्रोग्रामला ते लागू आहे का हे वेगळं विचारा, कारण युनिव्हर्सिटी असते पण प्रोग्राम नसतो असं होतं. घरभाडं ई-५ च्या, म्हणजे सार्जंट हुद्द्याच्या, कुटुंबवाल्या दराने मिळतं. १ जानेवारी २०१३ किंवा त्यानंतर बाहेर पडलेल्यांना जीआय बिलाला मुदत नाही. सर्व्हिसमुळे डिसॅबिलिटी रेटिंग असेल तर व्हीएच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या, चॅप्टर ३१ या नोकरीसाठी तयार करणाऱ्या योजनेचीही चौकशी करा. मुलांच्या नावावर जीआय बिल ट्रान्सफर करून बसलेले आईबाप मला भेटतात, त्यांना मी सांगते की आधी स्वतःचं पूर्ण करा.

पर्सनल स्टेटमेंटमध्ये काय लिहू?

५००० कॅरॅक्टरची मर्यादा असते, स्पेस धरून. आर्मीची शॉर्टकट अक्षरं सगळी काढा, वाचणाऱ्याला पीएडी, एमईबी, डीएचए यातलं काहीच कळत नाही. किती लोकांना सुपरवाइज केलं, किती टक्के बॅकलॉग कमी केला हे प्रमोशनच्या कागदावर शोभतं. इथे एक पेशंट सांगा, एक प्रसंग, तुम्ही काय केलं आणि तुम्हाला काय कळलं. लिहून झालं की मिलिटरीशी काही संबंध नसलेल्या मैत्रिणीला वाचायला द्या.

अर्ज एप्रिलच्या शेवटी उघडतात आणि बरीच कॉलेजं येतील तसे अर्ज बघत जातात, म्हणून शेवटच्या तारखेची वाट बघणं म्हणजे भरलेल्या गाडीला हात करणं.

अभ्यास झेपेल का? माझं वय ३५ आहे, मुलं आहेत.

मी ३४ व्या वर्षी सुरू केलं. पहिलं वर्ष वर्गाचं, सकाळी आठ ते पाच लेक्चर आणि लॅब आणि रात्री परत अभ्यास, दर आठवड्याला परीक्षा. दुसरं वर्ष क्लिनिकल, फॅमिली मेडिसिन, इंटर्नल, इमर्जन्सी, सर्जरी, मुलांचा विभाग, बायकांचे आजार, मानसिक आरोग्य, मिळून २००० तासांच्या आसपास. सोबत नोकरी करू असं मनात असेल तर ते बहुतेक कॉलेजं स्पष्ट नाही म्हणतात.

आमच्याकडे पहिल्या वर्षी सासूबाई व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आल्या, त्या गेल्या आणि माझी आई न्यू जर्सीहून आली. मी रात्री साडेअकराला डायनिंग टेबलवर फार्माकॉलॉजीची कार्डं पसरून बसायचे आणि सासूबाई काही न बोलता शेजारी वाटीत भाजलेले शेंगदाणे आणि गूळ ठेवून झोपायला जायच्या. सांगायचं हे की घरी आधी बोला, कोण कधी येणार हे कॅलेंडरवर लिहा, नुसतं 'बघू' म्हणून सुरू करू नका. मदतीला कुणीच नसेल तर कॉलेजच्या जवळचं पाळणाघर आणि एक विश्वासू शेजारीण हे अ‍ॅडमिशन इतकंच महत्त्वाचं आहे.

शेवटची परीक्षा कशी असते?

तिचं नाव पॅन्स, पीए म्हणून काम करायला द्यावी लागणारी राष्ट्रीय परीक्षा. ३०० प्रश्न, ६० प्रश्नांचे पाच भाग, प्रत्येकाला एक तास. ३५० गुणांना पास, स्केल २०० ते ८०० चं. मान्यताप्राप्त कॉलेजमधून पास झाल्याशिवाय बसता येत नाही. नंतर दर दोन वर्षांनी १०० सीएमई (नोकरीतल्या पुढच्या शिक्षणाची) क्रेडिट आणि दहा वर्षांच्या सायकलमध्ये परत परीक्षा.

पगार वाढतो का?

सरकारी आकडे सांगते, २०२३ मध्ये पीएचा मीडियन पगार १,३०,०२० डॉलर होता आणि मेडिकल-हेल्थ सर्व्हिस मॅनेजरचा १,१०,६८०. म्हणजे फरक आहे पण आकाशपाताळाचा नाही, आणि मधली तीन-चार वर्षं कमाई जवळपास नसते. फक्त पैशासाठी करत असाल तर अ‍ॅडमिनमध्येच वर चढा, बाहेरच्या हॉस्पिटलात तुमच्या अनुभवाला मागणी आहे.

मग अ‍ॅडमिनची ती वर्षं वाया गेली म्हणायची का?

अजिबात नाही, आणि हे मला मनापासून सांगायचंय.

माझ्या काउंटरवर एकदा एक रिटायर्ड सार्जंट आले होते, प्लास्टिकच्या पिशवीत डीडी-२१४, म्हणजे सर्व्हिस संपल्याचा कागद, आणि काही पिवळे पडलेले कागद, डावा पाय ओढत चालत होते. पॅराशूट जंपमध्ये गुडघा गेला होता आणि व्हीएकडे डिसॅबिलिटीचा क्लेम करायला त्यांना त्या दिवसाचं रेकॉर्ड हवं होतं. मी शोधून काढलं. नोटमध्ये एवढंच होतं, गुडघा दुखतो, मोट्रिन (दुखण्याची गोळी) दिली, कामावर परत. कुठला गुडघा ते नाही, कसा दुखावला ते नाही, जंपचा उल्लेख नाही. क्लेमला तीन गोष्टी लागतात, सर्व्हिसमध्ये काय घडलं, आज काय आजार आहे आणि या दोन्हींचा एकमेकांशी संबंध. पहिलीच गोष्ट कागदावर नव्हती. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि मला थँक यू म्हणाले. मी काहीच करू शकले नाही.

आज पेशंट समोर असतो तेव्हा माझ्या नोटमध्ये कुठली बाजू, कधी, कशाने, काय करताना हे चारही असतंच, वेटिंग रूम भरलेली असली तरी. सोबतच्या पीएंना रेफरल का परत आला हे कळायला दिवस लागतात, मला कोड बघून कळतं. मेडिकल बोर्डाला निघालेला पोरगा घाबरलेला असतो, त्याला पुढे कुठली फाइल कुठे जाणार हे मी पेनाने काढून दाखवते. हे पीए कॉलेजात शिकवत नाहीत. अर्जात तुमचे ते तास दुसऱ्या कप्प्यात पडतील, पडू देत, क्लिनिकमध्ये ते रोज कामाला येतात.

डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर का नाही?

डॉक्टरला मेडिकल कॉलेजची चार आणि रेसिडेन्सीची किमान तीन वर्षं, मला तेवढी द्यायची नव्हती. नर्स प्रॅक्टिशनरला आधी नर्स व्हावं लागतं, आधीच आरएन असाल तर तोच रस्ता घ्या. पीएला एक मोठी सोय आहे, ऑर्थोमधून इमर्जन्सीत जायचं तर परत डिग्री करावी लागत नाही.

मी भारतात आर्मी हॉस्पिटलात अ‍ॅडमिनला होतो, किंवा एमबीबीएस/बीएएमएस आहे, आता अमेरिकेत आलोय. थेट परीक्षा देता येईल का?

नाही. भारतातली डॉक्टरकी असो किंवा बीएससी फिजिशियन असिस्टंट, पॅन्सला बसायला इथल्या मान्यताप्राप्त प्रोग्राममधूनच पास व्हावं लागतं. एएमसीतल्या, म्हणजे भारतीय आर्मी मेडिकल कोअरमधल्या, तुमच्या वर्षांना जीआय बिल अर्थातच नाही. मार्कशीटचं इव्हॅल्युएशन करून घ्यावं लागतं आणि सायन्सचे विषय इथे परत करायला सांगतात, बऱ्याच कॉलेजांना ते अमेरिकेतलेच हवे असतात. एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर, असाल तर अर्जाच्या आधी प्रत्येक कॉलेजला व्हिसाबद्दल लेखी विचारा, काही ठिकाणी फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात. एमबीबीएसवाल्यांनी आधी यूएसएमएलईचा, म्हणजे इथे डॉक्टर व्हायच्या परीक्षेचा, विचार पूर्ण करावा आणि मगच इकडे वळावं.

नाव बदलून फिजिशियन असोसिएट झालंय ना?

राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये तसं ठरवलं, पण लायसन्सवर काय लिहायचं ते राज्याचा कायदा ठरवतो. ओरेगॉनने २०२४ मध्ये कायद्यात बदल केला. माझ्या कोटावर अजून असिस्टंटच आहे.

सुरुवात आज करायची तर पहिलं काम कुठलं?

जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्सक्रिप्ट (मिलिटरीतल्या ट्रेनिंगची मार्कशीट) मागवा, जुन्या कॉलेजांच्या मार्कशीट मागवा, आणि जवळच्या कम्युनिटी कॉलेजात ईएमटीची पुढची बॅच कधी सुरू होतेय ते फोन करून विचारा. बेसवर पीए असेल तर त्याला गाठून एक दिवस मागे उभं राहू का म्हणून विचारा, मी विचारलं तेव्हा तो म्हणाला उद्या सकाळी साडेसहाला सिक कॉलला (आजारी सैनिकांच्या सकाळच्या तपासणीला) ये, आणि येताना बसायची अपेक्षा ठेवू नकोस.